पाणथळीचे पक्षी आणि आपले गद्य

दिवाळीचे अंक आणि उत्तरेकडची बदके आपल्याकडे साधारण एकाच सुमारास उतरतात. गेल्या काही वर्षांत या दोन आगमनांचा एक तिसराच योग जुळून आला आहे. अंकांतून पक्ष्यांवरचे लेख येऊ लागले आहेत. एखाद्या पाणथळ अभयारण्याची सहल, पहाटेची दुर्बीण, दिवसभरात दिसलेले पक्षी आणि शेवटी लेखकाच्या मनात उठलेले तरंग असा त्यांचा ऐवज असतो. मी हे लेख आवडीने वाचतो. शाळामास्तर असल्यामुळे सुट्टीत वाचायला वेळही मिळतो. परंतु असे पंधरावीस लेख ओळीने वाचल्यावर माझ्यातला कादंबरीकार अस्वस्थ होतो. सारे लेख एकाच माणसाने लिहावेत तसे वाटू लागतात, आणि तो माणूस त्या जागी गेला होता की नाही याचीच शंका येते.

या लेखांची ठेवण आता पक्की झाली आहे. पहाटे चारला गाडी निघते. थंडी बोचरी असते आणि धुक्याची दुलई असते. (निफाडकडची थंडी बोचरी असते हे खरेच आहे, तिथल्या पाऱ्याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. पण ठाण्याच्या खाडीवर गेलेल्या लेखकालाही थंडी बोचतेच.) मग थर्मासमधला चहा येतो आणि मग येते 'इतक्यात'. इतक्यात एक थवा उठतो, इतक्यात पाणी थरारते, इतक्यात कोणी तरी "ते बघा!" म्हणून कुजबुजतो. हे 'इतक्यात' म्हणजे या वाङ्मयाचा खरा नायक. त्याच्या पाठोपाठ नावे येतात: चित्रबलाक, चमचा, शराटी, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी. नावे संपली की सूर्य मावळतो, आणि मावळत्या सूर्याच्या साक्षीने यंत्रयुगातल्या माणसाने काय गमावले याविषयी दोन वाक्ये होतात.

माझी तक्रार गुळगुळीत शब्दांविषयीच असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. गुळगुळीत शब्द कुठल्या वाङ्मयप्रकारात नाहीत? परंतु या लेखांतले काही शब्द नुसते झिजलेले नाहीत, ते खोटे आहेत. आणि त्यांचा खोटेपणा भाषेपुरता राहत नाही. पाणथळ जागेचा कारभार कसा व्हावा, तिथे कोणी असावे आणि कोणी नसावे, इथपर्यंत तो जाऊन पोहोचतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला शब्द 'अस्पर्श'. अस्पर्श निसर्ग, मानवी हाताचा स्पर्श न झालेले पाणी. उदाहरण म्हणून मी नांदूर मध्यमेश्वर घेतो, कारण मराठीत पाणथळीच्या पक्ष्यांवर लिहिणारा लेखक हटकून तिथे गेलेला असतो, आणि गेल्या पौषात मीही दोन दिवस तिथे राहून आलो आहे. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी ही जागा आहे. १९८६ साली तिचे अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत रामसर कराराच्या यादीत तिचे नाव जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ असा मान तिला मिळाला. लोक तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. हे सगळे बहुतेक लेखांत असते. नसते ते एवढेच, की ही पाणथळ एका दगडी बंधाऱ्याने केलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत, दख्खनच्या अवर्षणग्रस्त मुलखाला पाणी द्यावे म्हणून संगमाशी हा बंधारा बांधला. त्याने पाणी अडवले आणि ते गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत घातले. कालव्यांखाली कोपरगाव-राहाता भागात ऊस उभा राहिला, साखरेचे कारखाने निघाले. ही झाली बंधाऱ्याची हेतुपूर्वक केलेली कामगिरी. पण पाणी अडले की गाळही अडतो. वर्षानुवर्षे नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला, पात्र उथळ झाले, मध्ये बेटे वर आली, बेटांवर पाणगवत माजले, आणि अभियंत्यांच्या हिशेबात जे नुकसान ते पक्ष्यांच्या हिशेबात घबाड ठरले. खोल धरणाच्या पाण्यात शेकाट्या उभा राहू शकत नाही. त्याला वीतभर पाणी आणि त्याखाली चिखल हवा. तो चिखल त्याला फसलेल्या साठवणीने दिला. एखाद्या योजनेच्या अपयशातून इतके सौंदर्य निर्माण व्हावे, ही गोष्ट केवढी मोठी आहे! कादंबरीकाराला तरी तिचा मोह पडावा. आपला ललित लेखक मात्र बंधाऱ्यावरून चालत जातो, बंधाऱ्यावर तिवई रोवतो आणि लिहितो, 'अस्पर्श'.

आणि ही करणी एकदा झाली आणि संपली, असेही नाही. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चापडगावच्या बाजूला आमच्या वाटाड्याने पाण्याकडे पाहून मान हलवली. गावातलाच विशीचा मुलगा.

"सर, वरच्या धरणातनं पाणी सुटलंय. आता दोन दिवस शेकाटे इथं दिसायचे नाहीत."

"का रे?"

"पाय बुडतात ना त्यांचे. ते आता शेतांत गेले असतील. गव्हाला पाणी भरलंय तिथं."

या चार वाक्यांत जे पक्षीज्ञान आहे ते मला चाळीस पानांच्या सचित्र लेखात सापडलेले नाही. नाशिक जिल्ह्यातील दारणा, गंगापूर आणि इतर धरणांतून आवर्तने सुटतात ती याच बंधाऱ्यावर येतात. जायकवाडीला पाणी द्यावयाचे ठरले, आणि २००५ च्या कायद्यानंतर समन्यायी वाटपाचा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अपुऱ्या पावसाच्या वर्षी उभा राहतो, तरी ते पाणी इथूनच खाली जाते. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांची भांडणे, न्यायालयातले दावे, मंत्र्यांच्या बैठका, या सगळ्यांचा निकाल शेवटी या पात्रात पाण्याच्या उंचीच्या रूपाने लागतो. पाणी हातभर चढले तर चिखलात टोचणारे पक्षी उठून जातात आणि पोहणारी बदके पसरतात. उतरले तर उलटे होते. म्हणजे त्या सकाळी मला कोणते पक्षी दिसावेत हे निसर्गाने जितके ठरवले तितकेच पाटबंधाऱ्याच्या कचेरीतल्या एका कागदाने ठरवले होते. ज्या लेखात हा कागद नाही, त्या लेखातला पक्षी हवेतच उडत राहतो, त्याला उतरायला जागा नसते.

दुसरा शब्द 'पाहुणे'. परदेशी पाहुणे, दूरदेशीचे पाहुणे, आणि विशेष लाडात आले म्हणजे सैबेरियाचे पाहुणे. प्रत्येक बदक सैबेरियाहून आलेले असते असा आपल्याकडे एक गोड समज आहे. चक्रवाकाची घरटी लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठीही असतात. पट्टकदंब हंस तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. भूगोलाचा हा तपशील सोडून देऊ. मूळ रूपकच तपासून पाहावे. यांतले पुष्कळ पक्षी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत इथे असतात. वर्षातले पाच-सहा महिने जो आपल्या चिखलात चरतो, आपल्या हरभऱ्यात उतरतो, त्याला पाहुणा म्हणणारे आपण कोण? घरटे तिकडे आणि पोट इकडे असा त्याचा दुहेरी संसार आहे. कोकणातला चाकरमानी जसा दोन घरांचा, तसा हा दोन देशांचा. 'पाहुणा' म्हटले की आपण आपोआप यजमान होतो, आपल्या अंगी औदार्य येते, आणि पाहुण्याला काय हवे ते विचारण्याऐवजी त्याचे छायाचित्र काढण्याची मुभा मिळते.

हरभऱ्याचा उल्लेख मी उगीच केला नाही. मांजरगावच्या बाजूला एका शेतकऱ्याशी बांधावर बोलणे झाले. क्रौंचांचा थवा उतरला की मोटारी थांबतात, माणसे शेतात शिरतात. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला थवा दिसतो, मला घाटे दिसतात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पक्षी येऊ नयेत असेही त्याचे म्हणणे नव्हते. त्याच्याच पुतण्याने दुर्बीण घेऊन लोकांना फिरवण्याचे काम धरले होते. एका घराला थवा दोन तऱ्हांनी दिसतो, काकाला घाटे म्हणून आणि पुतण्याला रोजगार म्हणून. हा ताण ज्या लेखात येईल तो लेख माझ्या मते पक्ष्यांचाच लेख होईल, शेतकऱ्यांचा नव्हे.

आता नावांविषयी. पक्ष्यांच्या मराठी नावांचा आग्रह धरणाऱ्यांपैकी मी आहे. माझ्या शिक्षणाची मजल मॅट्रिकपर्यंत; लॅटिन नावे माझ्या जिभेवर बसत नाहीत, आणि बसली तरी त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. परंतु मराठी नाव घातले म्हणजे काम झाले असे आपल्या लेखकांना वाटते, तेही बरोबर नाही. नाव हे लहानसे वाङ्मय असते आणि ते वाचावे लागते. पाण्यावर काळ्या कोंबडीसारखा दिसणारा, कपाळावर पांढरा स्वच्छ ठिपका असलेला एक पक्षी नांदूरला शेकड्यांनी असतो. त्याला मराठीत वारकरी म्हणतात. ज्या कुणा माणसाने हे नाव प्रथम ठेवले त्याने काठावर उभे राहून त्या कपाळात गोपीचंदनाचा टिळा पाहिला, थव्यात दिंडी पाहिली, आणि एका शब्दात पक्षी व माणूस यांना एका रांगेत बसवले. चांगली उपमा याहून अधिक काय करते? तीच गोष्ट थापट्याची: चोच थापून चपटी केल्यासारखी, म्हणून थापट्या. ज्याच्या घरात भाकरी थापली जाते त्यालाच सुचणारे हे नाव आहे. उलट 'चित्रबलाक', 'मुग्धबलाक', 'दर्वीमुख' ही नावे ग्रंथातून आलेली आहेत. ती सुंदर आहेत, त्यांचा मला दुस्वास नाही. पण पहिली नावे पाण्याच्या काठावर झाली आणि दुसरी टेबलावर झाली, हा फरक कानाला कळला पाहिजे. आपल्या लेखांत दोन्ही प्रकारची नावे एकाच सुरात, स्वल्पविरामांनी तोडून, मालगाडीच्या डब्यांसारखी निघून जातात.

इथे चक्रवाकाची आठवण अपरिहार्य आहे. रात्री नदीच्या दोन तीरांवर जोडपे ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते, हा संस्कृत काव्यातला संकेत आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. संकेत म्हणजे खोटे, असे आधुनिक लेखक धरून चालतात आणि त्याच्यावर एखादा विनोद करून पुढे जातात. पण हा पक्षी बराचसा रात्री चरतो, जोडीने राहतो आणि त्याचा आवाज पाण्यावरून लांब जातो. अंधारात चरता चरता अंतर पडले की साद आणि प्रतिसाद चालू होतात. कुणी तरी हिवाळ्याच्या रात्री नदीकाठी जागून हे ऐकले असले पाहिजे. विरहाचा अर्थ त्याने आपला घातला, पण ऐकणे खरे होते. नांदूरला मी संध्याकाळी उशिरापर्यंत बसलो तेव्हा आमच्याबरोबर आलेल्या मोटारी केव्हाच परतल्या होत्या. उजेड गेला की कॅमेऱ्याचे काम संपते, आणि कॅमेऱ्याचे काम संपले की आजचा निसर्गलेखक घरी जातो. ज्यांना आपण संकेतांचे गुलाम म्हणतो ते प्राचीन कवी आमच्यापेक्षा अधिक वेळ बसत होते, एवढी नोंद करून ठेवावीशी वाटते.

बसणे ही गोष्ट या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी आहे. सलीम अली १९३० साली अलिबागेजवळ किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत बसले, तेव्हा घरट्याची सुबकता सर्वांना ठाऊकच होती. एक नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकाहून अधिक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांना दिसले ते बसल्यामुळे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' मला आवडते तेही एवढ्यासाठीच. माणूस एका जागी राहिला आहे, त्याला घाई नाही, आणि दिसले नाही तर दिसले नाही म्हणून सांगण्याची त्याची तयारी आहे. त्यांची वाक्ये आखूड असतात, त्यांना विशेषणे कमी लागतात. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ सालचे. त्यात रानात गेलेच पाहिजे असा हट्ट नाही. महिना बदलतो तसे झाड, आभाळ, सण आणि माणूस एकदम बदलतात. निसर्ग हे सहलीचे ठिकाण नसून आपण ज्यात राहतो तो काळ आहे, हे त्या पुस्तकाने मराठी गद्याला शिकवले. शिकवले, असे म्हणतो खरा. पण धडा पुढच्या वर्गात कितीसा उतरला?

या सगळ्यांत पाणथळीचा खरा लेखक म्हणजे मारुती चितमपल्ली. २०२५ साली ते गेले. वनखात्यातल्या नोकरीत नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी जी वर्षे काढली त्यांतून 'पक्षी जाय दिगंतरा', 'नवेगावबांधचे दिवस' यांसारखी पुस्तके आली, आणि पुढे 'पक्षीकोश' हे फार मोठे काम उभे राहिले. त्यांच्या लेखनाचे मर्म मला असे वाटते, की ते कधीही एकटे पाहत नाहीत. माधवराव पाटील डोंगरवार पाहत असतात आणि चितमपल्ली त्यांच्या शेजारी असतात. ढीवर जाळे टाकता टाकता काही सांगतो, गोंड काही सांगतो, ते सारे त्यांच्या पानावर येते. पक्ष्याबरोबर त्याला ओळखणारा माणूस येतो. शिवाय नवेगावचे तळेही माणसाने केलेले आहे. पूर्व विदर्भातली ही जुनी तळी कोहळी समाजाच्या लोकांनी भाताच्या शेतीसाठी बांधली. गोंदिया जिल्ह्यात आज जे थोडे सारस उरले आहेत ते अशाच तळ्यांच्या आणि भातखाचरांच्या आश्रयाने उरले आहेत.

चितमपल्लींविषयी आदर बाळगूनही एक उणे सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या अनुयायांत ते उणेच जास्त उतरले आहे. ऐकलेले आणि पाहिलेले यांच्यामधली रेघ त्यांच्या लेखनात पुष्कळदा पुसट होते. आदिवासींची दंतकथा, संस्कृत ग्रंथातला उल्लेख आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग हे तिन्ही एकाच मंत्रमुग्ध सुरात येतात, आणि वाचकाला कशावर किती भार टाकावा हे कळत नाही. त्यांच्यापाशी चाळीस वर्षांचे रान होते, म्हणून तो सूर त्यांना पेलला. ज्याच्यापाशी दोन दिवसांची सहल आहे त्याने तो सूर लावला म्हणजे नुसता धूप राहतो, देव नसतो.

आता ज्यासाठी इतके लिहिले त्या मुद्द्याकडे येतो. नांदूरला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात, म्हणून भरतपूरचीच गोष्ट पाहावी. राजस्थानातले ते केवलादेव घना अवघे एकोणतीस चौरस किलोमीटरचे. तेही माणसाने केलेले: भरतपूरच्या संस्थानिकांनी सखल जागेत बांध घालून, अजान बांधावरून पाणी आणून शिकारीसाठी ते वाढवले. तिथे केवलादेवाच्या देवळापाशी दगडी पाट्या आहेत. त्यांवर शिकारींची नोंद आहे: तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेळाव्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. त्या पाट्यांचे छायाचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला आपले दिवाळी अंकांतले लेख आठवले. तुलना कठोर आहे, हे मला कळते. एकाने मारले, दुसऱ्याने पाहिले. हा फरक लहान नाही. परंतु गद्याची घडण तीच आहे: तारीख, ठिकाण, बरोबर कोण कोण होते, आणि आकडा. 'एका सकाळीत ऐंशी जाती!' या उद्गारातला आनंद पक्ष्याचा नसून आकड्याचा आहे. यादीला माझा विरोध नाही. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातल्या पाणपक्ष्यांची गणना होते, तीत आपल्याकडचे कितीतरी हौशी लोक थंडीत उभे राहून मोजतात. ती यादी वर्षानुवर्षे एकाच जागी पुनःपुन्हा केल्यामुळे तिला अर्थ येतो. ललित लेखातली यादी एकदाच होते आणि तिचा अर्थ 'मी पाहिले' एवढाच असतो.

तर भरतपूर. १९८१-८२ च्या सुमारास तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात आसपासच्या खेड्यांतल्या म्हशींना आत चरण्याची बंदी झाली. पिढ्यानपिढ्या ती गुरे त्या पाण्यात डुंबत आणि चरत आली होती. बंदी करणारे लोक दुष्ट नव्हते. पक्ष्यांवर त्यांचे प्रेम होते, जाणत्या पक्षिशास्त्रज्ञांचा त्यांना पाठिंबा होता. त्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र होते त्यात पाणी होते, पक्षी होते, म्हैस नव्हती. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. बंदी राहिली. मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या जागेचा दहा वर्षांचा अभ्यास पुरा केला, तेव्हा निघाले ते असे: म्हशी गेल्यामुळे पाण्यावर पसरणारे गवत बेसुमार वाढले, मोकळे पाणी झाकले गेले, आणि पुष्कळ पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. म्हैस त्या पाणथळीची माळीण होती. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली.

एका चुकीच्या चित्राची ही किंमत आहे. ते चित्र कोठून आले? सरकारी फायलीतून आले असे म्हणणे सोपे आहे. पण फाइल लिहिणारा माणूसही कधी तरी काही वाचून मोठा झालेला असतो. निर्मनुष्य, स्तब्ध, अस्पर्श पाण्यावर विहरणारे पक्षी, हे चित्र साहित्याने काढले आणि दोनशे वर्षे घोटले. इंग्रजीत आधी आणि मग आपल्याकडे. आम्ही लेखक मंडळी आमच्या शब्दांचा कुणावर परिणाम होत नाही म्हणून खंत करतो. इथे झाला आहे, आणि कोणी आमच्याकडे बोट दाखवत नाही एवढेच.

नांदूरला म्हशी आहेत. मी त्यांना पाहिले; पाण्यात बसलेल्या, पाठीवर बगळा. सर्वांनी आपापले कॅमेरे जरा बाजूला वळवले होते, म्हैस चौकटीत येऊ नये म्हणून.

आता पर्यटनाची एक नवी भाषा आली आहे. तिला 'निसर्गपर्यटन' म्हणतात आणि तिच्यात 'अनुभव' हा शब्द वस्तूसारखा विकला जातो. तिची टिंगल करण्याचा मोह मला आवरतो, कारण त्या मुलाच्या हातात दुर्बीण आली आणि दिवसाचा रोजगार आला तो याच व्यवहारातून. भरतपूरला सायकलरिक्षा चालवणारी माणसे पक्षी ओळखण्यात तरबेज झाली, त्यांच्यावर विदेशी पाहणारे विसंबतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. व्यवहार वाईट नाही, पण ललित गद्याने त्या व्यवहाराची जाहिरात होऊन राहावे हे वाईट. जाहिरातीला जलपर्णी दाखवता येत नाही. नाशिक शहर वर आहे आणि त्याचे सांडपाणी गोदावरीत उतरते, हे तिला सांगता येत नाही. लेखकाला सांगता येते, त्याला कोणी अडवलेले नाही.

हे सगळे मुलांच्या वह्यांतही उतरते, म्हणून मला त्याची जास्त टोचणी. नववीला मी 'पाणवठ्यावरची सकाळ' असा निबंध घालतो. चाळीस वह्यांपैकी पस्तीसांत किलबिल असते, रम्य सान्निध्य असते, आणि निसर्ग मुक्तहस्ते उधळण करीत असतो. मुलांनी हे मनातून काढलेले नसते, ते आपल्याकडून घेतलेले असते. गेल्या वर्षी एका वहीत, जिच्यात शुद्धलेखनाच्या दहा चुका होत्या, पहिलेच वाक्य असे होते: 'बगळे आले म्हणजे चारीला पाणी सुटले असे माझी आजी अंथरुणातूनच ओळखते, कारण ते जाताना आमच्या पत्र्यावरून ओरडत जातात.' मी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि ते वर्गात दोनदा वाचले. त्यात आवर्तन आहे, घर आहे, पत्रा आहे, एक न उठणारी म्हातारी आहे आणि बगळा आहे. बगळ्याला एकही विशेषण नाही. वर्गातली मुले हसली, कारण निबंधात पत्रा येत नाही अशी त्यांची समजूत होती.

मराठी कादंबरीलाही या पाण्याकडे पाहावेसे वाटले नाही, याचे मला नवल वाटते. धरणग्रस्तांवर आपण लिहिले, दुष्काळावर लिहिले. पण बंधाऱ्यावर ज्याच्या हातात पाण्याची पातळी असते असा नोकर, रात्री निरोप आला की उठून दरवाजाकडे जाणारा, वरून पाणी किती आले आणि खाली किती सोडले हे वहीत लिहिणारा, ज्याला पक्ष्यांची नावे ठाऊक आहेत पण ती कुठे लिहायची नसतात, असा माणूस मला अजून कुठल्या पानावर भेटलेला नाही. त्याची वही वाचायला मिळाली तर मी दिवाळीच्या दहा अंकांवरचा हक्क सोडून देईन.